सुखदेवरावांची बाजू

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गावाला एक निराळाच वास येतो. पळसाच्या पानाने बैलांच्या खांद्यांना चोळलेल्या तूप-हळदीचा, शिंगांवर चढणाऱ्या हिंगुळाचा, ओल्या झुलींचा आणि धुऊन आणलेल्या जनावरांच्या पाठीवरून निघणाऱ्या वाफेचा. यंदा पाऊसकाळ चांगला झाला आहे. कपाशीला पात्या लागल्या आहेत, मूग घरात आला आहे, आणि मोताळ्याच्या बाजारातून लोक घुंगरमाळा आणि बाशिंगे घेऊन हसत परतत आहेत. देवापुढे दिवा लावून मी ओट्यावर येऊन बसतो. या सगळ्या आनंदाला माझेही नमन आहे. परंतु घुंगरांच्या नादाखालून एक दुसरा नाद माझ्या कानाशी येतो. तो संथ आहे, एकसुरी आहे, आणि ओढ्यापलीकडच्या संत्र्याच्या बागेतून येतो. पाटलांच्या विहिरीवरची ती विजेची मोटार आहे. ती ऐकली की मला कोरडा गेलेला तो पावसाळा आठवतो, आणि हातातली माळ मण्यावरच थांबते.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. पुनर्वसूने चार शिंतोडे टाकून लोकांना पेरायला लावले आणि तोंड फिरवले. श्रावणात रोज दुपारी ढग भरून येत. काळेभोर, गंभीर, एखाद्या सत्पुरुषासारखे दिसणारे ढग. ते गावावर क्षणभर थांबत आणि नळगंगा नदीच्या अंगाने निघून जात. जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत ज्वारीची बोटभर रोपे पिवळी होऊन उभी होती. महादेवाचा गाभारा पाण्याने भरून देवाला कोंडावे, म्हणजे तो गुदमरून पाऊस पाडील, असा आग्रह काही जणांनी धरला. मी त्यांना हात जोडून म्हटले, बाबांनो, शास्त्रात मानसपूजाही सांगितली आहे. त्या श्रावणात मी देवाला केवळ मनाने स्नान घातले. डोळे मिटून गंगा, यमुना, गोदावरी यांना हाक मारावी आणि डोळे उघडले की कोरडी पिंड समोर असावी, असे महिनाभर चालले होते.

अशा दिवसांत आमचे श्रोतेमंडळ भरत असे. आज त्या मंडळाची गोष्ट सांगितली तर नव्या पिढीला गंमत वाटेल. राज्य नवे होते, पंचायत नवी होती, खांबांवरच्या तारा नव्या होत्या. सरकारने गावाला एक रेडिओ दिला होता. तो पंचायतीच्या ओट्यावर लाकडी कपाटात असे. दर आठवड्याला दिवेलागणीच्या सुमारास शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागे, आणि तो संपला की ऐकणाऱ्यांनी त्यावर चर्चा करून आपले म्हणणे रेडिओकेंद्राला कळवावे, अशी योजना होती. निवडक पत्रे पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवीत. मला शेत नव्हते, निवडणुकीत रस नव्हता, आणि मोताळ्याच्या शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो. म्हणून, याचा कोणाच्या बांधाशी संबंध नाही, एवढ्या एका गुणावर लोकांनी मला मंडळाचा अध्यक्ष केले.

वाद तरी किती प्रकारचे! हायब्रीड ज्वारीची भाकर गोड लागते की नाही, येथपासून सुरुवात होई आणि सरकारने लेव्हीचे धान्य कोणाकडून किती घ्यावे, सोसायटी मोठ्यांची की लहानांची, ट्रॅक्टर आला तर बैल आणि वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार यांनी जावे कोठे, येथे येऊन ठेपे. मेहकरकडच्या एका गावचे मंडळ आमच्या प्रत्येक पत्राला रेडिओवरून उलट उत्तर धाडीत असे. त्यांच्यातला एकही माणूस आम्ही कधी पाहिला नव्हता. तरीही त्यांचे पत्र वाचले जाऊ लागले की ओट्यावरचे लोक त्या लाकडी कपाटावर धावून जात. "अबे, खत टाकून पाह्यलं का तुह्या बापानं कधी?" असे तुळशीराम कपाटालाच विचारी. तुळशीराम हा आमच्या गावातला मोठ्या गळ्याचा शेतकरी. त्याचे बोलणे ओढ्यापलीकडे ऐकू जात असे. न पाहिलेल्या माणसाविषयी इतका संताप मनुष्याच्या ठायी कोठून येतो, याचे मला त्या काळी नवल वाटे.

आमच्या जुन्या शिक्षणात वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे मोडून टाकायचे ती वितंडा. ओट्यावर बहुतेक वेळा तिसरा प्रकार चाले. म्हणून एकदा मी मंडळाला पूर्वपक्षाची रीत समजावून सांगितली. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपण मांडावयाचे, आणि तो 'हो, हेच माझे म्हणणे' असे म्हणेपर्यंत स्वतःचा शब्द उच्चारावयाचा नाही.

लोक हसले. तेव्हा खांबाला टेकून बसलेला सुखदेव पुढे सरकला. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडा आहे, तेथला हा चार एकरांचा शेतकरी. वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा, आणि माझ्याशी ईश्वर आहे की नाही यावर वर्षानुवर्षे निरलसपणे भांडणारा. तो म्हणाला, "गुरुजी, रीत चांगली हाय. पण एक करा लागन. 'तो असं म्हणते' असं नाही म्हणायचं. 'मी' म्हणायचं. दुसऱ्याच्या अंगात शिरून बोलायचं."

"म्हणजे मी सुखदेव होऊ का?" तुळशीराम ओरडला. "माह्यी बायको घरात घेईन का मंग मले?"

"तशी बी कोठी घेते?" सुखदेवाने विचारले, आणि ओटा हास्याने हादरला.

त्या दिवसापासून ती रीत झाली. मंडळात प्रत्येकाला 'राव' म्हणावयाचे हेही त्याच ओघात ठरले. मी सांगतो, त्या रीतीने आमच्या गावाला काही दिवस खरोखर सुंदर केले. ज्याच्या घरी आयुष्यात ट्रॅक्टर येणार नव्हता त्याने ट्रॅक्टरवाल्याची बाजू 'मी' म्हणून मांडली. सावकारी घरात वाढलेल्या माणसाने सालदाराच्या तोंडाने बोलून दाखविले. ते ऐकताना मला वाटे की हीच खरी उपासना आहे. परकायाप्रवेशाच्या कथा आपण पुराणात ऐकतो, आणि येथे कंदिलाच्या उजेडात साधी माणसे तेच करीत आहेत. दुसऱ्याचे दुःख 'मी' म्हणून एकदा जिभेवर आले की ते हृदयात उतरल्याशिवाय राहणार नाही, अशी माझी श्रद्धा होती. मी देवावर जेवढी ठेवली तेवढीच त्या रीतीवर ठेवली होती.

कोरड्या श्रावणात बौद्धवाड्याची विहीर खाली जाऊ लागली. वाड्याच्या वरच्या अंगाला केशवराव पाटलांनी आपल्या वावरात नवी, खोल विहीर खोदली होती आणि तिच्यावर मोटार बसविली होती. केशवराव आमचे सरपंच. दुष्ट मनुष्य नव्हे, हे मी आजही प्रतिज्ञेवर सांगेन. त्यांनी संत्र्याची बाग लावली होती आणि झाडे अजून फळाला आली नव्हती. मोटार सकाळी सुरू होई आणि वीज असेल तोवर चाले. सायंकाळी बौद्धवाड्यातल्या बाया विहिरीत पोहरा सोडीत, तेव्हा दोर संपे आणि खालून दगडावर पत्रा आपटल्याचा आवाज येई.

सुखदेवाने मंडळात प्रश्न मांडला: वरच्या विहिरीवर मोटार लावली तर खालच्या विहिरीचे पाणी ओढले जाते का? तो आम्ही रेडिओला पाठविला. पुढच्या कार्यक्रमात एका तज्ज्ञांनी धीरगंभीर स्वरात उत्तर दिले की, हे भूगर्भातील खडकाच्या रचनेवर अवलंबून असते; ओढले जाऊ शकते, कदाचित जाणारही नाही.

"पाह्यलं?" पाटील म्हणाले. "रेडिओनं सांगतलं, जात नाही."

"ओढलं जाऊ शकते, असं बी सांगतलं ना पाटील," सुखदेव म्हणाला. "तुमच्या एका कानात काय मळ भरला काय?"

"तुह्या दुसऱ्या कानात भरला असन!"

ओट्याचे त्याच क्षणी दोन भाग झाले. अर्ध्यांनी तज्ज्ञांच्या वाक्याचा पूर्वार्ध पाठ केला, अर्ध्यांनी उत्तरार्ध. पुढचे दिवस गावात दुसरे बोलणेच नव्हते. ज्याच्या जमिनीखाली पाणी त्याचे ते पाणी, की पाण्याला मालक नसतो? बाग वाढली तर गावात मजुरी वाढेल, ही वाड्याचीच सोय नव्हे का? वीज सरकारची, तर तिने उपसलेले पाणी कोणाचे? प्रत्येकाजवळ उत्तर होते. आणि दर सायंकाळी पोहरा दगडावर आपटत होता.

मला त्या दिवसांतली सुखदेवाची बायको गयाबाई आठवते. ती पहाटेच घागर घेऊन नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरायला जाई. गावची मोठी विहीर पाटलांच्या दारासमोर होती आणि तिला अजून पाणी होते. तेथे जाण्याला आता कायद्याने कोणाची मनाई नव्हती. तरीही गयाबाई त्या रस्त्याला वळत नसे. मी एकदा विचारले, "बाई, गावच्या विहिरीवर का जात नाहीस?" तिने डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि म्हटले, "गुरुजी, तठी पाणी भेटते. पण उभं राहा लागते." एवढे बोलून ती चालू लागली. सुखदेवाचे म्हणणे होते, वाड्याची विहीर आटली तर आम्ही गाव सोडू, पण बाईला तेथे उभे करणार नाही. ती विहीर टिकणे म्हणजे त्यांचे या गावात राहणे होते. हे सर्वांना ठाऊक होते.

पोळा आला. त्या वर्षी तोरणाखाली बैल आले ते फासळ्या मोजता येतील असे. आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात. बैल तोरणाखाली उभे असताना कोणीतरी हात उंचावून स्वतः रचलेली तुकबंदी ललकारतो, तीत वर्षभराचा हिशेब चुकता करतो, आणि सारा गाव महादेवाचा गजर करतो. त्या दिवशी झडतीत काहीही बोलले तरी कोणी राग धरावयाचा नाही, अशी चाल आहे. तुळशीराम एका दगडावर चढला आणि त्याने आवाज लावला:

"वीज आली वीज आली, खांबावर तार,
पाटलाच्या हिरीवर मोटरचा मार;
वरची हिर भरलेली, खालची हिर खडखड,
मंडळात चालून राह्यली तोंडाची बडबड!
हर बोला हर हर महादेव!"

गजर झाला, पण तो अर्धवट झाला. पाटील हसले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. ते म्हणाले, "झडती झ्याक हाय रे तुळशीराम. पण दगडावर चढून बोलणं सोपं असते लेका. मंडळात या सारे. तठी रीतीनं होऊन जाऊ द्या. मी बी मांडतो, सुखदेव बी मांडन." सुखदेव तोरणाखाली येत नसे, धर्मांतरानंतर त्याच्या वाड्याने ते सोडले होते. तो रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभा होता. त्याने तेथूनच हात वर केला आणि म्हटले, "येतो पाटील."

मला तेव्हा आनंद झाला. तो आनंद आठवला की आज अंगावर शहारे येतात. मला वाटले, देवाने पाऊस दिला नाही, पण ही संधी दिली. पाटलांसारखा मनुष्य सर्व गावापुढे 'मी सुखदेव' असे म्हणणार होता. त्यानंतर ती मोटार कशी चालू राहील?

त्या सायंकाळी ओट्यावर बसायला जागा उरली नाही. बायाही आल्या होत्या; वाड्यातल्या एका बाजूला, गावातल्या दुसऱ्या बाजूला. कार्यक्रम संपला, मी कपाट लावले, आणि सुखदेवाला पाटलांची बाजू मांडण्यास सांगितले.

सुखदेव उभा राहिला. "मी केशवराव," तो म्हणाला. कोणी हसले नाही. "माह्या बापानं जनमभर कापूस-ज्वारी केली आन् आभाळाच्या तोंडाकडे पाह्यत मेला. मी ठरोलं, आपण आभाळाच्या तोंडाकडे नाही पाह्यचं. हिर खंदली ते माह्या वावरात. झाडं लावली ते माह्या हातानं. पाण्याची एक पाळी चुकली तं पानं मान टाकतात, अन् मले रात्रीचा घास जात नाही. मी कोणाच्या हिरीत दोर नाही सोडला. जमिनीच्या पोटात झरा कोठून कोठी जाते, ते मले काऊन विचारता? मी काय तठी जाऊन आलो?"

पाटील त्याच्याकडे पाहातच राहिले. मग हळूच म्हणाले, "हाव. हेच म्हणणं हाय माह्यं."

आता ते उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.  

"मी सुखदेव," ते म्हणाले. "माह्या वाड्यातली हिर माह्या आज्यानं खंदली. काऊन खंदली? गावच्या हिरीवर चढू देत नव्हते म्हणून खंदली. खडक लागला तवा आजीनं पदरात दगड भरून वर आणले. ते पाणी आम्ही प्यालो तवापासून आमची मान वर हाय. आता म्हणतात, गावच्या हिरीवर या, कायदा झाला, कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणत कोणी, पाटील. पण माह्यी बाई तठी गेली तं बाजूले उभी राहीन. साऱ्याइच्या घागरी भरल्या का मंग तिचा नंबर. तुमच्या वसरीतून दिसते ते. तुम्ही पोट्टे होते तवापासून पाहून राह्यले तुम्ही. उन्हात उभ्या बाया. मंग कोणीतरी वरतून पाणी टाकते, अन् घागरीत कमी अन् पायावर जास्त पडते, अन् ते लोक हसतात. तुम्ही बी हसले असान लहानपणी. मी पाणी नाही मांगत, पाटील. माह्या आज्यानं खडक फोडून आणलेली मान हाय ते, ते मांगतो."

 बायांच्या बाजूला कोणीतरी पदर तोंडात धरला होता. तुळशीराम, ज्याचा आवाज कधी थांबत नसे, जमिनीकडे पाहात होता. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मनात एकच होते, झाले, हा दगड फुटला, पाणी लागले.

मी रीतीप्रमाणे विचारले, "सुखदेवराव, हेच तुमचे म्हणणे?"

  "हाव," तो म्हणाला. "हेच."

"आता केशवरावांचे उत्तर," मी म्हटले.

पाटलांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी नीट बसविली. "सुखदेव," ते म्हणाले, "तुह्यं सारं खरं हाय. एक शब्द खोटा नाही." मग म्हणाले, "पण झाडं माह्यी हायेत." आणि ते ओट्यावरून उतरून गेले.

सकाळी संध्या करीत असताना मला मोटार सुरू झाल्याचे ऐकू आले. रोजच्याच वेळी.

गाव त्या चर्चेवर कित्येक दिवस बोलत होते. कशाविषयी? पाटील काय बोलले याविषयी. "काय मांडलं बाप्पा! काळजाले हात घातला!" असे लोक एकमेकांना सांगत. ज्यांनी कधी बौद्धवाड्याचे नाव घेतले नव्हते तेही त्या बोलण्यातली वाक्ये घोळवीत. मोटारीचा विषय मात्र कोणी काढीना. जणू तो त्या सायंकाळीच सुटला होता. चार आसवे गाळून प्रत्येकाने आपापला वाटा उचलून टाकला होता. मंडळाने चर्चेचा वृत्तांत रेडिओला पाठविला. मंडळाला तेवढाच अधिकार होता, ऐकावे, बोलावे आणि कळवावे.

सुखदेव चार दिवसांनी माझ्या घरी आला. पायरीवरच बसला. मी आत बोलावले तरी आला नाही. "गुरुजी," तो म्हणाला, "पाटलानं शिवी देल्ली असती, तं मी कोर्टात गेलो असतो. हिर तुह्यी नाही म्हटलं असतं, तं भांडलो असतो. पण त्यानं माह्यं सारं सांगून टाकलं. माह्याहून चांगलं सांगतलं. आता मी कोठी जाऊन काय सांगू? जठी जाईन तठी लोक म्हणतीन, हाव, ठाऊक हाय आमाले, पाटील बोलले ना."

 मी त्याला म्हटले, "देव आहे सुखदेवा."

"असन," तो म्हणाला. आमच्या दीर्घ वादात त्याने प्रथमच मला विरोध केला नाही.

भाद्रपदात वाड्याची विहीर आटली. तळाचा चिखल दिसू लागला, मग चिखलाला भेगा गेल्या. एकेक घर निघू लागले. कोणी खडी फोडण्याच्या कामावर गेले, कोणी शेगावला हमालीला. सुखदेव बिऱ्हाड घेऊन निघाला त्या सकाळी मी मोताळ्याच्या मोटारस्टँडवर गेलो. गाठोड्यांवर मुले बसली होती. मी सुखदेवाचा हात धरला. इतक्या वर्षांच्या वादात आम्ही एकमेकांना कधी स्पर्श केला नव्हता, हे मला हात धरल्यावर कळले.

"जाऊ नकोस," मी म्हटले. "तू गेलास तर मंडळात तुमची बाजू कोण मांडील?"

तो हसला. ते हसणे मी विसरू शकत नाही. "काऊन गुरुजी? पाटील हायेत ना."

गयाबाई गाठोडे बांधता बांधता म्हणाली, "तुमचं मंडळ लय गोड बोलते गुरुजी. तेवढं गोड पाणी असतं, तं आमचं काय अडलं असतं?" मग तिने वाकून मला नमस्कार केला. मी आशीर्वादाला हात उचलला, पण कोणता आशीर्वाद द्यावा ते सुचेना. गाडी सुटली. मी परत चालत आलो. वाटेत वावरांत माणूस दिसत नव्हता, फक्त एका बाजूला ती बाग तेवढी हिरवी होती. तिची झाडे खरोखर सुंदर वाढली होती. त्यांचा तरी काय दोष?

नवरात्रात आमचे पत्र रेडिओवर वाचले गेले. निवेदकाने आमच्या मंडळाचे कौतुक केले. ग्रामीण भागात इतक्या संयमाने, इतक्या सहानुभूतीने चर्चा होते, हा आदर्श इतरांनी घ्यावा, असे तो म्हणाला. मेहकरकडच्या मंडळानेही या खेपेला उलट उत्तर दिले नाही; त्यांनी अभिनंदन पाठविले. ओट्यावर त्या दिवशी मोजकी माणसे होती. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

मी आयुष्यभर असे मानत आलो की मनुष्ये एकमेकांशी वाईट वागतात ती अज्ञानामुळे. एकाला दुसऱ्याचे मन कळत नाही म्हणून अन्याय होतो. कळले की होणार नाही. सर्व शास्त्रे मी याच भावनेने वाचली, देवाची पूजाही याच भावनेने केली. त्या पावसाळ्याने माझ्याकडून ते काढून घेतले. पाटलांना सगळे कळले होते. वसरीत बसून लहानपणापासून कळत होते. कळण्याच्या आणि करण्याच्या मध्ये जी दरी आहे तिच्यावर पूल कोणी बांधावयाचा, हे मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. मी देवाला विचारले. रोज विचारतो. तो त्या श्रावणातल्या ढगांसारखा येतो, थांबतो आणि जातो.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. बौद्धवाड्याची विहीर भरली, काठोकाठ भरली. घरे तशीच होती, काही छपरे खाली बसलेली, दारांपुढे तरोटा माजलेला. मी एकदा विहिरीपाशी गेलो. पाणी इतके स्वच्छ होते की तळाचे दगड दिसत होते. ते ढवळायला वर्षभरात कोणाचा पोहरा त्यात पडला नव्हता.

यंदाच्या श्रावणात मंडळापुढे विषय आला. सोसायटीला धान्याचे गोदाम बांधावयाचे आहे आणि बौद्धवाड्याची जागा सोयीची आहे. रस्त्यालगत आहे, पाणी आहे, वस्ती नाही. कोणीतरी म्हणाले, "रीतीनं होऊ द्या. त्याइची बाजू मांडा कोणी." सर्वांनी पाटलांकडे पाहिले. पाटील थकले आहेत आता, पण उठले. टोपी काढली. "मी सुखदेव," ते म्हणाले, "माह्यं घर तठी हाय. मी हौसेनं नाही गेलो. पाणी आटलं म्हणून गेलो. आज ना उद्या वापस येईन, तवा मले माह्या आज्याच्या हिरीपाशी जागा पाह्यजे." ते उत्तम बोलले. लोकांनी माना डोलावल्या. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तो तं नाही. तुम्हीच 'हाव' म्हणा त्याच्याकून. म्हणजे पुढचं बोलता येईन."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. जे मांडले गेले त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. नाही म्हणणे असत्य झाले असते. आणि हो म्हणणे मला या जन्मी शक्य नव्हते.

"ज्याचे म्हणणे आहे त्यानेच 'हो' म्हणावयाचे, अशी रीत आहे," मी म्हटले. "त्याला बोलवा. तो म्हणेल तेव्हा उत्तर होईल."

"तो कशाले येते आता?" पाटील म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "गुरुजी, गोदाम तं पंचायत बांधनच. मंडळाले काय इचारा लागते?"

ते खरेच होते. बौद्धवाड्याच्या तोंडाशी आता विटा येऊन पडल्या आहेत. पोळा झाला की पाया खोदतील. त्या दिवसानंतर मंडळाला येणारी माणसे पांगली आणि आता मंडळाच्या सायंकाळी मी एकटाच असतो. कार्यक्रम संपतो. रीतीप्रमाणे, जिथे चर्चा अडली तेथून ती पुढे चालवावयाची असते. म्हणून मी खांबाकडे तोंड करून विचारतो, "सुखदेवराव, हेच तुमचे म्हणणे?" उत्तर यायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ थांबतो, आणि मग कपाट लावून घेतो.